ग्रीक लोक आणि डबल ब्रेक

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कारण : एक सम्राट युद्धाच्या छावणीत बसून फक्त स्वतःसाठी लिहायचा. कुणाला दाखवायला नाही. तो रोमन होता, पण लिहायचा ग्रीकमध्ये, म्हणजे त्याला ग्रीकांत धरायला हरकत नाही. मला छावणी नाही. स्वयंपाकघरातलं टेबल आहे, आणि तेही सात वाजता रिकामं करून द्यायचं आहे.

हे सगळं एका पुस्तकातून कळलं. जुन्या ग्रीक लोकांनी माणसाने कसं जगावं याचा जो विचार करून ठेवला, त्याबद्दल आहे. कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत, त्यामुळे नाव कळत नाही. बाईंनी दिलं. बाई म्हणजे माझ्या विद्यार्थिनी, रिटायर्ड मुख्याध्यापिका, वय बासष्ट. शनिवारी ड्रायव्हिंगचा धडा संपल्यावर उतरल्या, दार लावलं, परत उघडलं, पिशवीतून पुस्तक काढून सीटवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही वाचाच. तुम्हाला फार गरज आहे."

अकरा वर्षं मोटार शिकवतोय. माझ्यातला विचारवंत पहिल्यांदाच कुणीतरी ओळखला.

(त्याच्या दोन मिनिटं आधी मी त्यांच्यावर ओरडलो होतो. संबंध नसावा.)

संकल्प : ओरडणं बंद. रोज पहाटे उठून चिंतन. बाईंना २७ तारखेच्या टेस्टमध्ये पास करणे. त्यांची ही तिसरी टेस्ट. धाकटी बहीण तासाभराच्या अंतरावर एकटी राहते, तिचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, आणि तिकडे बस दिवसातून दोनदाच जाते. बाईंनी म्हणून एक छोटी सेकंडहँड गाडी घेऊन ठेवली आहे. सहा महिने दारात उभी आहे. रोज सकाळी पुसतात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शहाणपणाचं मूळ सापडलं. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी : आपल्या हातात असलेल्या आणि नसलेल्या. पहिल्या सांभाळायच्या, दुसऱ्या सोडून द्यायच्या. यादी केली.

हातात : माझं मन.
हातात नाही : ट्रॅफिक, हवामान, मेहुणा.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं आहे. घरी मी त्याला अरे म्हणतो, ऑफिसात मालक. तो दोन्हीकडे मला भाऊजीच म्हणतो.

आज नळाला गरम पाणी आलं नाही. हातात नसलेली गोष्ट. तक्रार न करता थंड पाण्याने आंघोळ केली. दात वाजत होते, पण मन स्थिर. बाहेर येऊन हे घरच्यांना सांगितलं. ही म्हणाली, गीझरचं बटण बाथरूमच्या दाराशेजारी आहे, हात वर केला की लागतं, गेली नऊ वर्षं तिथेच आहे. मुलगी म्हणाली, म्हणजे बाबा, ते अक्षरशः हातात होतं.

मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला अजून खोलात शिरता येत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज गाडीत पहिला प्रयोग. बँकेत कारकून असलेला एक तरुण शिकायला येतो. स्टिअरिंग धरलं की तळहातांना घाम सुटतो, म्हणून मनात मी त्याला घामट म्हणतो. मोठ्या सिग्नलला हिरवा लागला आणि त्याने गाडी बंद पाडली. मागून हॉर्न. पूर्वीचा मी असतो तर काच खाली गेली असती, चार शब्द बाहेर गेले असते. आजचा मी हात मांडीवर ठेवून बसलो.

तो म्हणाला, "सर, काय करू?"

मी म्हणालो, हॉर्न आपल्या हातात नाहीत.

तो म्हणाला, "पण गाडी?"

मी स्मित केलं. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. तिसऱ्या हिरव्याला ट्रॅफिक पोलीस आला आणि स्वतः गाडी चालू करून देऊन गेला. जाताना तो जे बोलला तेही माझ्या हातात नव्हतं.

घामटने सीट पुसायला रुमाल मागितला. प्रगती आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्नांची पद्धत. एक अनवाणी हिंडणारा कुरूप म्हातारा बाजारात लोकांना पकडून नुसते प्रश्न विचारायचा. उत्तर कधीच द्यायचा नाही. समोरचा गोंधळला की त्याला ज्ञान होऊ लागायचं. शिकवणाऱ्याने सांगायचं नाही, विचारायचं. इतकी वर्षं मी सांगत आलो, इथेच चुकलं.

बाईंवर सुरुवात केली. विचारलं, थांबणं म्हणजे काय. म्हणाल्या, चाकं न फिरणं. मी म्हणालो, मग गॅरेजमध्ये पडलेली गाडी थांबलेली म्हणायची का. त्या म्हणाल्या, ती पडलेली म्हणायची. मी म्हणालो, म्हणजे पडणं आणि थांबणं यांत फरक काय. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला आता डावीकडे जायचं की सरळ, ते सांगा."

घाव बरोबर बसत होता. तेवढ्यात आम्ही गोल चौकात शिरलो. त्यांनी विचारलं, बाहेर कुठून पडू. मी विचारलं, बाहेर पडणं म्हणजे नक्की काय. त्या म्हणाल्या, ते मी तुम्हाला विचारतेय. मी म्हणालो, आणि मी तुम्हाला. बाई चाळीस वर्षं शाळेत प्रश्नच विचारत आल्या आहेत, त्यामुळे हटेनात. मीही हटलो नाही. सात फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने आम्हाला हात केला. पाचव्या फेरीला त्याने आमच्याकडे बघणं सोडलं. सातव्या फेरीला बाई आपल्या मनाने डावा इंडिकेटर देऊन सफाईने बाहेर पडल्या.

ज्ञान झालं. पद्धत सिद्ध.

उतरताना बाईंनी विचारलं, पुस्तक कुठपर्यंत आलंय. मी म्हणालो, निम्म्यावर. त्या म्हणाल्या, "उरलेलं सावकाश वाचा."

८ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी. अपरिग्रह. एक जण मोठ्या रांजणात राहायचा. जवळ फक्त एक पेला. एकदा त्याने एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहिलं, लाज वाटली, पेलाही फेकून दिला. वाचून अंगावर काटा आला. आपल्या घरात कप किती, मोजले. एकवीस. माणसं तीन.

ही हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यातून एका रविवारी अर्धी ड्यूटी असते, ती आज होती. ती यायच्या आत सगळे कप खोक्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकले. सांगायला आनंद वाटतो की एकही पैसा घेतला नाही. मन हलकं झालं. चहा केला.

दुपारी १.३०. चहा ओंजळीत घेता येत नाही. ग्रीक लोक चहा पीत नसत, हे पुस्तकात स्पष्ट लिहायला हवं होतं. दोन्ही तळहातांना मलम लावलंय, पेन दोन बोटांत धरून लिहितोय.

दुपारी ३.००. त्या कपांत हिच्या आईने दिलेला सहा कपांचा सेट होता. ही आल्या पावली वळली. स्कूटर काढून भंगारवाल्याकडे गेली आणि खोकं घेऊन आली. एकोणीस परत आले. दोन फुटले. तिने चहा केला, तिघांचा. माझ्या कपाला दोन्ही बाजूंनी टॉवेल गुंडाळून दिला.

संकल्प : यापुढे फक्त स्वतःच्या वस्तूंचा त्याग. (शोधल्यावर लक्षात आलं, या घरात माझ्या अशा दोनच वस्तू आहेत. त्या लागतात.)

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुवर्णमध्य. प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मधोमध असतो. भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये शौर्य. कंजूषपणा आणि उधळपट्टी यांच्या मध्ये औदार्य. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, माझी आजी तीन शब्दांत सांगायची, अति तिथे माती. आजी शाळेत गेली नव्हती.

असो. लगेच उपयोग करायची संधी आली. मुलीला मैत्रिणीकडून नऊला यायचं होतं, ही सातला ये म्हणत होती. मी मध्ये पडून आठ म्हणालो. मुलगी म्हणाली, बाबांना कुणी विचारलं. ही म्हणाली, तेच म्हणते मी. दोघी एकदम एक झाल्या आणि मुलगी साडेआठला आली. मध्यस्थाचं काम हेच असतं.

घामटलाही सुवर्णमध्य सांगितला. त्याने तो फार मनावर घेतला. रस्त्याच्या दोन लेन होत्या. तो दोन्हींच्या मधून, पांढरी रेघ बरोबर पोटाखाली घेऊन, सव्वा किलोमीटर गेला. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. मी म्हणालो, दोन्ही बाजू रागावल्या म्हणजे आपण मधोमध आहोत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९.००

पहाटे उठलो नाही. सम्राटालाही उठावंसं वाटायचं नाही, असं त्यानेच लिहिलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घामट गेला. दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. जाताना इंटरनेटवर आमच्या स्कूलला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "सर स्वभावाने चांगले आहेत, पण गाडीत असतात असं वाटत नाही."

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, भाऊजी, आधी तुम्ही ओरडायचात तेव्हा तीन जण सोडून गेले. मी काही बोललो का. आता तुम्ही ओरडत नाही, मला बरं वाटलं. पण भाऊजी, गाडी शिकवा. ब्रेक म्हणजे ब्रेक, क्लच म्हणजे क्लच. लोक त्यासाठी येतात.

मी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. प्रश्न विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्यालाही गावाने असंच कोर्टात उभं केलं होतं. तरुणांना बिघडवतो, हाच आरोप. त्यालाही म्हणे सुटून जाता आलं असतं. गेला नाही. शिष्य रडत असताना विषाचा पेला शांतपणे प्यायला.

मालकांनी कॉफी मागवली. मी ती शांतपणे प्यायलो. साखर नव्हती. मागितली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस विचार करतोय. आज पहाटे उलगडा झाला, म्हणून तपशिलात लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

आमच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. शिकणारा चुकला की शिकवणारा आपला दाबतो. अकरा वर्षं मी हेच केलं. आता विचार करा : दुसऱ्याचं कर्म माझ्या हातात नाही. मग ते माझ्या पायात कसं असेल? मी ब्रेक दाबतो तेव्हा मी त्यांचं स्वातंत्र्य हिरावून घेतो. बाई दोनदा नापास का झाल्या? कारण टेस्टला शेजारी माझा पाय नसतो. पाय काढून घेतला तर त्यांना त्यांचा ब्रेक सापडेल. ब्रेक आतून यायला हवा.

हे आजवर कुणालाही सुचलेलं नाही. पुस्तकातही नाही. म्हणजे पुस्तकाच्या पुढे गेलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

धडा सकाळी आठला. दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली. बाईंनी एकदा पाहिलं, मग पुढे पाहिलं. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शिस्त असते.

पाऊण तास उत्तम. सिग्नल, वळणं, उलटं पार्किंग, सगळं. मी एक शब्द बोललो नाही. शेवटी ऑफिससमोर गाडी लावायची होती. बाईंनी ब्रेक दाबायच्या ऐवजी अॅक्सिलरेटर दाबला. असं नव्या माणसाचं होतं. फूटपाथवर चढलो. समोर आमच्याच स्कूलचा बोर्ड होता, लोखंडी पायांवरचा, "सुरक्षित शिका" लिहिलेला. तो खाली आला. त्याच्यामागे भिंत होती, म्हणून आम्ही थांबलो.

कुणाला लागलं नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

बाई खाली उतरल्या आणि ऑफिसच्या पायरीवर बसल्या. पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून पेला मीच धरला. मग त्यांनी विचारलं, "तुमचा पाय कुठे होता?"

उत्तर तयार होतं. सगळं पहाटे लिहूनसुद्धा ठेवलं होतं. पण निघालं एवढंच, की वर घेतला होता.

त्या म्हणाल्या, "मी तुमच्या पायावर विसंबून होते हो."

दुपारी ४.००. तत्त्व बरोबरच आहे. बाईंची तयारी कमी पडली.

दुपारी ४.२०. हात फार थरथरत होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मला गाडीवरून काढलं. ऑफिसात टेबल दिलंय, शिकाऊ लोकांचे फॉर्म भरून घ्यायला. मालक म्हणाले, भाऊजी, ताईच्या तोंडाकडे बघून एवढंच करतोय.

चिंतनाला एकांत हवाच होता. टेबल दाराच्या मागे आहे. दार उघडलं की भिंतीला लागून बसावं लागतं. रांजणात राहणाऱ्याला याहून जास्त जागा नसावी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ही तीन दिवसांपासून सकाळी साडेसहाला बाहेर पडते, आठला परत येते. पायात बूट. फिरायला जाते, म्हणाली. माझ्या चिंतनाचा परिणाम घरावर होऊ लागलाय. काही लोक बागेत जमून मित्रांबरोबर साधं आयुष्य जगायचे, असंही पुस्तकात आहे. तिला ते पान वाचायला दिलं. म्हणाली, आल्यावर वाचते. वाचलं नाही.

तीन दिवस नाही, दोन. काल आणि आज. नोंद अचूक हवी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला चालत जात होतो. मागून एक छोटी निळी गाडी अगदी सावकाश आली. स्टिअरिंगवर बाई. शेजारच्या सीटवर ही. एक हात मांडीवर, आणि दुसऱ्याचं बोट वर करून काहीतरी साधंसं सांगत होती. गाडी माझ्या शेजारून गेली, पुढे झेब्राला थांबली, एका म्हातारीला जाऊ दिलं, निघाली. झटका नाही, बंद पडणं नाही.

घरी आल्यावर विचारलं. ही म्हणाली, हो, बाईंनी बुधवारी रात्रीच घरी फोन केला होता, टेस्टला नऊ दिवस राहिलेत, हात अजून कापतात, स्कूलला जायची भीती वाटते, त्यांच्याच गाडीत कुणी शेजारी बसेल का. मी म्हणालो, तुला शिकवता कुठे येतं. ती म्हणाली, "मी कुठे शिकवते? ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिलं पाऊल टाकताना जसं धरून उभी राहते, तशी बसते. पाऊल ते टाकतात."

मला सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

पुस्तक पान १४२ : अपमान कुणी करत नाही, आपलं मतच तो करतं. मत काढून टाका, अपमान गेला. मत काढून टाकलं.

संध्याकाळी ६.००. मत अजून तिथेच आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बोर्ड पडल्याची नोंद लायसन्स ऑफिसात गेली. शिकवणाऱ्याचं सर्टिफिकेट टिकवायचं असेल तर मला स्वतःला टेस्ट द्यावी लागणार. तारीख २७. बाईंचीच. मालकांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, भाऊजी, हे पास झालात तर गाडी परत देतो. नाही झालात तर माझ्या हातात काही नाही.

बघा. मेहुणासुद्धा हातात असणं-नसणं शिकला. माझ्याकडूनच.

टेस्टची काळजी नाही. एकवीस वर्षं गाडी चालवतोय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीने नियमांचं पुस्तक आणलं. म्हणाली, बाबा, मी चिन्हं दाखवते, तुम्ही ओळखा. ही म्हणाली, चला, मैदानावर दोन चकरा मारून या, तुम्ही स्टिअरिंगच्या सीटवर शेवटचे कधी बसलात, आठवतंय का. दोघींना नम्रपणे नाही म्हणालो. ग्रीकांच्या मते ज्ञान बाहेरून येत नसतं. ते आत्म्यात जन्माआधीपासूनच असतं, वेळ आली की फक्त आठवायचं. अभ्यास केल्याने आठवणीत अडथळा येतो. (हे शेवटचं वाक्य माझं.)

मुलगी म्हणाली, मग मीही परीक्षेला तसंच करू का. तो विषय वेगळा आहे.

उद्याची योजना : शांत राहणे. सर्टिफिकेट मिळवणे. मालकांना क्षमा करणे. बाई नापास झाल्यास त्यांचं सांत्वन करणे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

९.४० ला माझा नंबर लागला. परीक्षक उंच, चष्मेवाला, हातात पॅड. गाडीपाशी गेलो, दार उघडून बसलो, बेल्ट लावला, आरसा ठीक केला आणि वाट बघू लागलो. तो बाहेरच उभा. मी म्हणालो, बसा. तो म्हणाला, "कुठे?" तेव्हा लक्षात आलं, मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसलो होतो. अकरा वर्षांची सवय. उतरलो, वळसा घातला. बाकावर बाई आणि ही बसल्या होत्या. दोघींनी जमिनीकडे पाहिलं.

तोंडी प्रश्न. त्याने एक चिन्ह दाखवलं. त्रिकोणात काहीतरी होतं. आठवायची वाट पाहिली. आत्मा गप्प. तेव्हा खरा शहाणा काय म्हणतो ते म्हणालो, की मला एवढंच ठाऊक आहे की मला काही ठाऊक नाही. परीक्षकाने ते लिहून घेतलं. मला वाटलं, आवडलं. पॅड थोडं तिरकं होतं, "काही ठाऊक नाही" एवढंच दिसलं.

मग गाडी. सुरुवात बरी झाली. पुढे एक रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. जोरात दाबला. डाव्या पायाने, शिकवणाऱ्याचा ब्रेक जिथे असतो त्या अंदाजाने. तिथे क्लच होता. गाडी मोकळी होऊन रिक्षाकडे निघाली. ब्रेक परीक्षकाने दाबला, त्याच्या बाजूचा. त्याचा पाय जागेवर होता.

तो म्हणाला, "धन्यवाद. इथेच थांबू या."

यावर काय तत्त्व लावायचं ते सुचलं नाही.

१०.२५ ला बाई गेल्या. मी बाकावर हिच्याशेजारी बसलो. पंधरा मिनिटं. ही पदराशी चाळा करत नव्हती, काही पुटपुटत नव्हती, नुसती रस्त्याकडे बघत होती. मीच दोनदा उठलो. गाडी परत आली, रेघेच्या आत, सरळ. परीक्षक उतरला आणि त्याने बाईंशी हात मिळवला.

बाई पास.

त्या आधी हिच्याकडे आल्या आणि तिचे हात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती चालणार नव्हती. म्हणालो, बाई, त्या दिवशी चूक माझी होती. पाय मी काढला होता. हे आधी ठरवलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, तेवढंच बघायचं होतं." आणि म्हणाल्या, चला दोघं, बहिणीकडे जायचंय.

मी मागच्या सीटवर. पुढे त्या दोघी. तासाभराचा रस्ता, मध्ये एक चढ. चढावर गाडी बंद पडली, मागे ट्रक, ट्रकचा हॉर्न. मी तोंड उघडलं. हिने मागे न बघता हात मागे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. बाईंनी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, चावी फिरवली, निघाल्या.

बहीण पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत वॉकर धरून उभी होती. बाईंनी हॉर्न दिला. तिने खाली पाहिलं आणि ओळखलं नाही. बाई गाडीतून उतरून वर हात करून उभ्या राहिल्या तेव्हा ओळखलं. तिने वॉकर सोडून दोन्ही हात वर केले. ही खालून ओरडली, "आधी वॉकर धरा." तिने धरला.

मी डोळे पुसले. धूळ होती.

१ मार्च, रविवार

मालकांनी कळवलं. पुन्हा टेस्टला बसायचं तर आधी दहा धडे घ्यावे लागतील, नियमच आहे. शिकाऊचा फॉर्म माझ्याच टेबलावर होता. तो मीच भरला, मीच तपासला. "पूर्वीचा अनुभव" या रकान्यात एकवीस वर्षं लिहून खोडलं.

शिकवणार ही. मालकांनी तिला रविवार सकाळचं काम दिलंय. बाईंनी शिकायला त्यांच्या चार मैत्रिणींची नावं सुचवली, त्यांचं झालं की माझं.

पहिला धडा सकाळी दहाला झाला. मैदान रिकामं. स्टिअरिंगच्या सीटवर बसलो. ही शेजारी, पाय ब्रेकवर. म्हणाली, गाडी चालू करू नका, आधी पाच मिनिटं नुसते शांत बसा. मला हे नवीन नाही, महिनाभर तेच करतोय. डोळे मिटले. समोर मैदान, वर आभाळ, आत संपूर्ण शांतता. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पाच मिनिटं झाल्यावर तिने खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "अहो, आता परत एकदा बसू या. या वेळी न बोलता."